पुसू नको

संगमेश्वरला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. लातूरला इंजिनिअरिंग करून, पुण्यात काही वर्षं नोकरी काढून परत आलेला माणूस तो. पण स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसला की त्याच्या अंगात घाटनांदूर संचारायचं. जगभरचे लोक ज्या कप्प्यांना इंग्रजी नावं देतात, त्यांना हा इंग्रजी अक्षरांत गावच्या बोलीतली नावं द्यायचा. प्रश्न साठवायच्या टेबलाचं नाव ‘पुसलेलं’, उत्तरांच्या टेबलाचं ‘सांगितलेलं’, आणि प्रोग्राम कुठं अडखळला ते ज्या फाइलीत उमटतं तिचं नाव ‘बोंब’. त्याच्याबरोबर शिकलेला कडा गावचा अमरसिंह पुण्याहून फोन करून डोक्याला हात लावायचा. म्हणायचा, हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यानं काय करावं? संगमेश्वर म्हणायचा, “दुसऱ्याच्या हाती कावून पडंल? मी कुठं चाललोय बे?”

गेला मात्र. अंबाजोगाईहून परत येताना पुढं उसाची ट्रॉली होती, ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, आणि वेळ धड उजेडाची नव्हती नि धड अंधाराची. मोटरसायकलचं काही उरलं नाही, खिशातल्या मोबाइलचाही चुरा झाला. लिंगायतांच्या जागेत त्याला माती दिली आणि घरात तीन माणसं उरली: वडील गुंडप्पा, आई शांतादेवी आणि बायको ईश्वरी. आणि चौथा त्याचा आवाज.

तो आवाज कसा उरला ते आधी सांगतो. गुंडप्पांचं बसस्टँडजवळ, घराला लागूनच, बी-बियाणं नि औषधांचं दुकान. गिऱ्हाईक यायचं ते प्रश्न घेऊनच यायचं. सोयाबीन पिवळं पडलंय, तुरीवर अळी आलीय, काय मारू? गुंडप्पा मनानं वाईट नव्हते, पण फळीवर जी बाटली पुढं असायची ती उत्तर म्हणून काढून द्यायचे. संगमेश्वरला ते बघवेना. पुण्याहून परत आल्यावर त्यानं दुकानामागच्या खोलीत एक संगणक मांडला, त्याला फोनची लाइन जोडली, आणि गावोगाव नंबर वाटला. नंबर लावला की त्याचाच आवाज यायचा: “बोला, काय पुसायचंय?” माणूस आपलं दुखणं सांगून फोन ठेवायचा. संगमेश्वर सगळं ऐकायचा, पुस्तकं बघायचा, कुणा जाणत्याला फोन करायचा, आणि आपल्या आवाजात उत्तर भरून ठेवायचा. पुन्हा फोन केला की ते ऐकू यायचं. शिवाय आपल्या पिकाचा आकडा दाबला की त्या पिकाची जुनी उत्तरंही कुणालाही ऐकता यायची. सगळे प्रश्न, सगळी उत्तरं त्या संगणकाच्या पोटात साठत गेली.

पुसणं म्हणजे विचारणं. हे सांगायला लागतं, कारण शहरातली माणसं पुसतात ती फक्त फरशी आणि चष्मा. घाटनांदुरात आजही रस्ता पुसतात, भाव पुसतात, तब्येत पुसतात. आणि ईश्वरीला तर हा शब्द भेटला तोच तिच्या आयुष्यातल्या मोठ्या घडीला. तिला बघायला पाहुणे आले होते. मोठी माणसं तिच्या देखत तारखेपर्यंत पोचली होती, मांडव कुठं घालायचा तेही ठरत आलं होतं, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला नवरामुलगा मध्येच म्हणाला, “हिला कुणी पुसलं का?” कुणीच पुसलं नव्हतं. मग तोच तिच्याकडं बघून म्हणाला, “तुला पुसतो. तुझं काय म्हणणं हाय?” जिला घरात आज भाजी कुठली करायची हेही कुणी विचारलं नव्हतं, तिला त्या एका शब्दानं जिंकलं. पुढं लग्नात कुरबुरी झाल्या, भांडणं झाली, पण हा माणूस मला पुसतो, ही गोष्ट तिनं उराशी धरली ती धरलीच.

भांडण व्हायचं ते बहुतेक फळ्यावरून. खोलीत भिंतीला पांढरा फळा होता आणि संगमेश्वर त्यावर बाणांची नि चौकोनांची जत्रा भरवायचा. ईश्वरी झाडलोट करताना फळा स्वच्छ करून टाकायची. ती काही अडाणी नव्हती, अंबाजोगाईच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेली, पण घाण दिसली की हात शिवशिवायचे. तो डोकं धरून बसायचा. शेवटी तो फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून तिच्यासाठी ताकीद लिहायला लागला. तो गेला त्या दिवशी फळ्यावर जे होतं ते अजून तसंच होतं. ईश्वरीनं त्याला फडकं लावलं नव्हतं. पण त्याच्याकडं पाहणंही जड जायचं, म्हणून तिनं टेबल फिरवून घेतलं आणि फळ्याकडं पाठ करून बसायला लागली.

आता त्या चौथ्या माणसाचं. संगमेश्वर गेल्यावर लाइन बंद करावी असं गुंडप्पा म्हणाले. शांतादेवी म्हणाल्या, “बंद करायची न्हाई.” त्यांनी आयुष्यात कशाला न्हाई म्हणलेलं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळं विषय तिथंच मिटला. नवी उत्तरं येणार नव्हती, पण जुनी ऐकायला लोक फोन करत राहिले. आणि रोज दुपारी, जेवणं उरकून भांडी घासून झाली, की शांतादेवी दाराच्या चौकटीला टेकून बसायच्या, नंबर लावायच्या आणि लिंबाचा आकडा दाबायच्या. नेकनूरकडच्या कुणा शेतकऱ्यानं विचारलं होतं की लिंबाची फुलं गळतात, काय करू. त्याला संगमेश्वरनं सांगितलं होतं:

“मामा, फुलं आलेली असताना पाण्यात फरक करू नका. आज भरपूर, उद्या कोरडं, असं झालं की झाड घाबरतं. आमच्या मायनं दारात लिंबूणी लावलीय. तिला भांड्याचं पाणी घालती, रोज तेवढंच. आन झाडाला शिव्या देती.” इथं तो हसायचा. पोटातून, नाकात थोडा आवाज काढून. मग म्हणायचा, “पर एक फूल गळत न्हाई बगा.”

शांतादेवी ऐकायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, “मी कवा दिल्या रं शिव्या.” मग फोन ठेवून, बादलीतलं भांड्याचं पाणी उचलून लिंबूणीला घालायला जायच्या. ईश्वरी दुकानामागच्या खोलीतून हे बघायची. तिला वाटायचं, आपण या घरात करतो ते एवढंच एक काम खरं आहे. हा आवाज जिता ठेवणं.

आणि मग तो संगणक मरायला लागला. चालता चालता तापायचा, बंद पडायचा. लाइन तुटायची. एके दुपारी शांतादेवी नंबर लावत राहिल्या आणि फोन लागेना. त्या दिवशी झाडाला पाणी घालायचं राहिलं. ईश्वरीनं अंबाजोगाईहून नवा संगणक आणला. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं जुन्यातली डिस्क काढून नव्यात बसवून दिली. म्हणाला, डिस्क ठणठणीत आहे, यातलं सगळं जिथल्या तिथं आहे. फक्त प्रोग्राम नव्या संगणकावर नव्यानं बांधून घ्यावा लागेल.

बांधणं म्हणजे बिल्ड. लिहिलेल्या प्रोग्रामचा चालता प्रोग्राम करायचा. हे काम एक अवजार करतं, आणि त्या अवजाराला एका फाइलीत पायऱ्या लिहून दिलेल्या असतात. ते खाली मान घालून एकेक पायरी करत जातं. आपण काय करतोय याचं त्याला सुखदुःख नसतं. संगमेश्वरनं त्यात एक पायरी अशी ठेवली होती की कोऱ्या संगणकावर पहिल्यांदा प्रोग्राम उभा करताना टेबलं आपोआप मांडली जावीत. आणि टेबलं नव्यानं मांडायची तर आधीची असतील ती मोडायची. सडा टाकल्याशिवाय कुणी नवी रांगोळी काढत नाही, तसंच ते. कोऱ्या संगणकावर ही सोय. भरलेल्या डिस्कवर हाच घात. म्हणून ती पायरी वगळायचा एक खटकाही त्यानं त्याच फाइलीत करून ठेवला होता.

ईश्वरीनं अमरसिंहला फोन लावला. संगमेश्वर असताना ते दोघं दोस्त मिळून या प्रोग्रामवर काम करायचे, त्यामुळं त्याला सगळं ठाऊक होतं.

“आधी कॉपी काढून ठिवा, वैनी,” अमरसिंह म्हणाला.

“ठिवली. पेनड्राइव्हवर हाय.”

“मंग ठीक. आन एक ध्यानात घ्या. टेबलं मांडायची ती आपोआप पायरी अजिबात चालली न्हाई पायजे. संग्यानं त्याला खटका ठिवलाय, पुसू नको म्हणून. तेवढा डोळ्यात तेल घालून तपासा, आन मगच पुढं जा.”

“पुसू नको,” ईश्वरी म्हणाली. संगमेश्वर गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचा शब्द त्याच्या दोस्ताच्या तोंडून ऐकून तिला हसू आलं आणि लगेच रडूही. “बघते.”

“मी मीटिंगीत चाललोय. काय अडलं तर फोन करा.”

तिनं फाइल उघडली. ओळ होती: पुसू नको, आणि तिच्यापुढं ‘ट्रू’. म्हणजे खरं. म्हणजे हो.

आता ईश्वरीच्या जागी बसून बघा. तिच्यापुढं तो प्रोग्राम आहे ज्यात पुसणं म्हणजे विचारणं. टेबलाचं नाव पुसलेलं. फोनवर आवाज, काय पुसायचंय. ज्याच्या हातचं हे आहे त्यानं तिला सगळ्या पाहुण्यांत पुसलं होतं. तिनं ओळ वाचली ती अशी: विचारू नको, हो. म्हणजे हे अवजार टेबलं मोडताना विचारणार नाही, सरळ मोडून मोकळं होईल. अमरसिंह म्हणाला तो धोका हाच. कुठलाही शहाणा प्रोग्राम काही मोडायच्या आधी नक्की का, नक्की का असं दहादा विचारतो. आणि यानं घाईघाईत विचारूच नको असं करून ठेवलंय. एरवी सगळ्यांना पुसणारा माणूस, आणि स्वतःच्या कामात असा धसमुसळा. तिनं ‘ट्रू’ काढून तिथं ‘फॉल्स’ केलं.

“पुस,” ती त्या पडद्याला म्हणाली. “मला पुसल्याबिगर काई करू नकोस.”

आणि बिल्ड सुरू केलं.

त्यानं काही विचारलं नाही. पडद्यावर ओळी धावल्या, इतक्या भरभर की कुणाच्या बापाला वाचता आल्या नसत्या, आणि शेवटी हिरव्या अक्षरात आलं की बिल्ड यशस्वी. ईश्वरीला वाटलं, विचारण्यासारखं काही आलंच नसेल. तिनं प्रोग्राम चालू केला, आपल्या मोबाइलवरून नंबर लावला, आणि तिच्या कानात तो बोलला: “बोला, काय पुसायचंय?” तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. आनंदानं रडली ती. मग तोंड धुऊन घरात आली आणि सासूला म्हणाली, “आत्या, झालं चालू. आता न्हाई बंद पडायचं.”

शांतादेवींनी हात पुसले, चौकटीला टेकल्या, नंबर लावला. त्यांच्या चेहऱ्यावर तो आवाज पोचलेला ईश्वरीला दिसला. त्यांनी लिंबाचा आकडा दाबला आणि वाट बघत बसल्या. वाट बघून पुन्हा दाबला.

“काई बोलंना गं,” त्या म्हणाल्या. “काय पुसायचंय म्हणतोय आन गप बसायलाय.”

ईश्वरी धावत खोलीत गेली. ‘पुसलेलं’ टेबल उघडलं, रिकामं. ‘सांगितलेलं’ उघडलं, रिकामं. दोन्ही टेबलं नवी कोरी, सारवलेल्या अंगणासारखी. पेनड्राइव्ह लावून बघितला. त्यात प्रोग्रामची सगळी फोल्डरं होती, पण आवाज कधी त्या फोल्डरांत नव्हतेच, ते डेटाबेसात होते, आणि डेटाबेस डिस्कवर दुसरीकडं राहतो. प्रोग्रामच्या फोल्डरात आवाजाची एकच फाइल होती. फोन लागल्यावर वाजणारी. बोला, काय पुसायचंय. त्याचा प्रश्न तेवढा उरला होता आणि त्याची सगळी उत्तरं गेली होती.

अमरसिंह मीटिंगीतून बाहेर येईपर्यंत ती फोन लावत राहिली.

“वैनी, शांत व्हा. खटका काय होता, ट्रू होता का?”

“ट्रू होता. मी फॉल्स केला.”

अमरसिंह कॉरिडॉरमध्ये चालता चालता थांबला.

“फॉल्स कावून केला, वैनी?”

“तुमीच म्हणलात तपासा म्हणून. पुसू नको होतं. म्हणलं पुसू दे. पुसून कर म्हणलं.”

“पुसून म्हंजे?”

“म्हंजे इचारून.”

अमरसिंहच्या कड्याकडं, तिकडं नगरच्या अंगाला, इचारतात. पुसत नाहीत. तिकडं पुसायचं म्हणजे फडकं घेऊन पुसायचं. आपण बोललो ते तिनं ऐकलं होतं, आणि तिनं ऐकलं ते आपण बोललोच नव्हतो, हे त्याला तिथं कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कळलं. त्याला ते तिला सांगवेना, पण न सांगून भागणार नव्हतं.

“वैनी,” तो म्हणाला, “ते इचारू नको न्हवतं. पुसू नको म्हंजे पुसून टाकू नको. संग्यानं डेटाला पुसू नको म्हणलं होतं.”

ईश्वरी फोन कानाला लावून तशीच मागं वळली. फळा समोर होता. बाण होते, चौकोन होते, आणि खाली कोपऱ्यात, चौकटीत, दोनदा गिरवून त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: पुसू नको. तिच्यासाठीच लिहिलेलं. तिच्या फडक्यासाठी. कितीतरी वेळा वाचलेलं, चिडून वाचलेलं, हसून वाचलेलं. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यानं तिलाच दिले होते आणि तिनं नेमका नको तो उचलला होता. लोक चुका करतात त्या आळसानं, नाही तर माजानं. हिनं केली ती प्रेमानं, आणि तसल्या चुकीला कुणाला शिवीसुद्धा देता येत नाही. मीच पुसलं, असं ती म्हणत राहिली; अमरसिंह पलीकडून वैनी वैनी करत होता.

अमरसिंह दुसऱ्याच दिवशी आला. डिस्क काढून पुण्याला घेऊन गेला, गेलेला डेटा परत काढणारी माणसं गाठली. त्यांनी सांगितलं की नव्या टेबलांनी जुन्याची जागा घेतलीय, हाताला येतात ते तुकडे, आणि त्या तुकड्यांत खरखर सोडून काही नाही. तोवर ईश्वरीनं इकडं कुणाकुणाला पुसलं. कुणाच्या मोबाइलमध्ये त्याचं एखादं उत्तर रेकॉर्ड आहे का? कुणाकडंच नव्हतं. जी गोष्ट नंबर लावला की मिळते ती साठवून कोण ठेवतं? लग्नाची फिल्म लावून बघितली. त्यात बँड होता, सनई होती, मावळणीचं, गुंडप्पांच्या बहिणीचं, रुसणं होतं. नवरदेव पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड मिटून बसलेला.

शांतादेवींना तिनं सांगितलं होतं की मशीन दुरुस्तीला पाठवलंय. एवढंच खोटं ती आजवर त्यांच्याशी बोलली होती. डिस्कमधून काही निघत नाही असा अमरसिंहचा फोन आला आणि तिला ते पुढं रेटवेना. शांतादेवी ज्वारी निवडत बसल्या होत्या. ती समोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. खटका सांगितला, पुसू नको सांगितलं, आपण काय समजलो ते सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

शांतादेवींचा हात सुपात थांबला. त्या म्हणाल्या, “समदं गेलं?”

“समदं.”

“लिंबूणीचं पण?”

ईश्वरीनं मान हलवली.

“न्हान असताना भुईवर खडूनं काढायचा,” शांतादेवी म्हणाल्या. “मोटार, झाड, काय बी. आन खाली लिवायचा पुसू नको. मी सारवाय निघाले की आडवा पडायचा त्याच्यावर.” त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “मला कळलं असतं गं. तू मला एकदा पुसायचं.”

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर ईश्वरीला सोसलं असतं. मला कुणी पुसत नाही म्हणून जिचं माहेरपण गेलं होतं, तिनं संगमेश्वरला सगळ्यात आधीपासून ओळखणाऱ्या माणसाला, त्याच्या आईला, काही पुसलं नव्हतं. तिला ते कधी सुचलंही नव्हतं. कॉम्प्युटरचं त्यांना काय कळतंय, असंच ती धरून चालली होती.

मग त्या घरात बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. शांतादेवी ताट वाढायच्या, ईश्वरी जेवायची. दुपारी भांडी झाली की शांतादेवी चौकटीला न बसता सरळ आत जाऊन पडायच्या. लिंबूणीला पाणी ईश्वरीच घालायची, आणि किती घालायचं ते तिला नीट कळायचं नाही. झाडाखाली फुलं पडलेली दिसायची.

अमरसिंह डिस्क परत घेऊन आला, आणि त्यानंच ती बसवून लाइन सुरू केली. खटका परत ट्रू केला. त्याचं नाव बदलून साधं इंग्रजी ठेवू का म्हणाला, ईश्वरी नको म्हणाली. “लोक फोन करत्यात अजून,” तो म्हणाला. “उत्तरं तुमी द्या, वैनी. तुमाला येतंय. अडलं तर मी हाय.” ईश्वरी हो म्हणाली, पण तिला ते होईल असं वाटत नव्हतं. टेबलं रिकामी पडून होती. तिनं खुर्ची आता फळ्याकडं तोंड करून घेतली होती.

एका दुपारी त्या रिकाम्या ‘पुसलेलं’मध्ये पहिली ओळ आली. कुणाचा तरी प्रश्न. तिनं तो ऐकायला लावला. आधी त्याचा आवाज होता, बोला, काय पुसायचंय, आणि मग श्वास, बांगड्यांचा आवाज, मागं भांडं ठेवल्याचा आवाज.

“संगू,” शांतादेवींचा आवाज म्हणाला. “लिंबूणीचं पुन्ना सांग रं. फुलं गळायलीत.”

ईश्वरी उठून दाराशी आली. शांतादेवी चौकटीला टेकून बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. त्यांना वेड लागलं नव्हतं. पलीकडं कोण ऐकणार आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ईश्वरी आत गेली आणि दार लावून घेतलं. ते उत्तर तिला तोंडपाठ होतं, रोज दुपारी कानावर पडून पडून पाठ झालेलं. मायक्रोफोन पुढं ओढला आणि बोलायला लागली. मामा, फुलं आलेली असताना पाण्यात फरक करू नका. आज भरपूर, उद्या कोरडं, असं झालं की झाड घाबरतं. पुढं ‘आमच्या मायनं’ होतं. लग्न होऊन आल्यापासून ती शांतादेवींना आत्या म्हणत आली होती. तिथं अडखळली, पुसून पुन्हा भरलं, पुन्हा अडखळली. मग म्हणाली, आमच्या मायनं दारात लिंबूणी लावलीय. तिला भांड्याचं पाणी घालती, रोज तेवढंच. आन झाडाला शिव्या देती. त्याच्यानंतर जी जागा होती तिथं ती थांबली. खूप प्रयत्न केला. घशातून जे यायला लागलं ते हसू नव्हतं, म्हणून तिनं ओठ दाबून धरले आणि ती जागा तशीच जाऊ दिली. पर एक फूल गळत न्हाई बगा, म्हणून तिनं संपवलं आणि ते ‘सांगितलेलं’मध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर शांतादेवी चौकटीला येऊन बसल्या. नंबर लावला, लिंबाचा आकडा दाबला. ईश्वरी ओट्याशी उभी होती, हातातलं पातेलं तसंच धरून. शांतादेवींनी सगळं ऐकलं. कवा दिल्या रं शिव्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. फोन बंद करून, पदरानं पुसून, बाजूला ठेवला.

“समदं बराबर सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “शिव्या देती म्हणल्यावर तो हसायचा. तेवढं राहिलं.”

“मला येईना, आत्या.”

“न्हाई यायचं,” शांतादेवी म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि भांड्याचं पाणी घेऊन लिंबूणीकडं गेल्या.